गोळीला बदनाम करू नका, दवाखान्यात ठेवा
(केळशीच्या ग्रामस्थांसाठी जाहीर पत्रक)

गावातल्या आयाबहिणींनो, आणि विषय कळताच पत्रकाची घडी घालून खिशात टाकणाऱ्या पुरुषमंडळींनो,

गर्भपाताच्या गोळीबद्दल आपल्याकडे दोन आवाज ऐकू येतात. एक चारचौघांत म्हणतो, ते विष आहे, बाई जिवानिशी जाते. दुसरा पडवीआड कानात सांगतो, आणून देतो, पण इतके पडतील. हे दोघे एकमेकांचे वैरी आहेत असे समजू नका. पहिल्याने भीती घातल्यावरच दुसऱ्याला भाव मिळतो.

गोळी काय आहे ते आधी पाहू. औषधे दोन. मिफेप्रिस्टोन गर्भ टिकवणाऱ्या संप्रेरकाचे काम थांबवते, आणि एक-दोन दिवसांनी घेतलेले मिसोप्रोस्टॉल गर्भाशय आकुंचित करून ते रिकामे करते. भारतात मिफेप्रिस्टोनला 2002 मध्ये परवानगी मिळाली, दोन्हींच्या एकत्र पाकिटाला 2008 मध्ये. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ही जोडी 2005 पासून आहे. नऊ आठवड्यांच्या आत नीट घेतली तर शंभरातल्या पंच्याण्णवहून अधिक बायकांचे काम गोळीनेच पुरे होते. उरलेल्यांना बहुधा पिशवी साफ करून घ्यावी लागते, आणि गंभीर त्रास शंभरात एकीलाही होत नाही. यातले मिसोप्रोस्टॉल तर बाळंतपणानंतर अंगावरून जाणारे रक्त थांबवायला सरकारी दवाखान्यांतही देतात. बाळंतिणीला वाचवते तेव्हा औषध, आणि दुसरीने मागितले की विष?

धोका नाहीच, असे आम्ही म्हणत नाही. गर्भ नळीत राहिला असेल तर ही गोळी त्याला लागू पडत नाही, आणि नळी फुटली तर जिवावर बेतते. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांचे रक्त कमी आहे, त्यांना जास्त रक्तस्राव सोसत नाही. तांबी आत असेल तर आधी काढावी लागते. हे सगळे तपासणारा डॉक्टर लागतो. तासाला दोन घड्या (पॅड) पूर्ण भिजत आहेत आणि असे दोन तास चालले, किंवा ताप उतरत नाही, तर 108 ला फोन करून रुग्णालय गाठायचे, एवढे तरी कोणी सांगायला हवे. कानात कुजबुजून पाकीट विकणारा हे सांगत नाही. पैसे मोजून घेतो आणि निघून जातो.

आता आपल्या गावाचे गणित. आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. म्हणजे पाळी चुकल्याचे कळते तेव्हाच चार-पाच आठवडे सरलेले असतात, आणि हातात उरतो जेमतेम महिना. चाकरमानी गणपतीला येतो, विसर्जन करून मुंबईला जातो. आखातातला नवरा सुट्टीवर येतो आणि विमान पकडतो. मागे राहिलेली बाई दिवस मोजते, लाजते, सासूला सांगू की नको यात आठवडा घालवते. शेवटी एसटीने दापोली गाठावी, तर तिथे कोणी विचारते, नवऱ्याची सही कुठे आहे? नवरा कुवेतला आहे हो!

या प्रश्नाचे उत्तर पाठ करून ठेवा. सज्ञान बाईच्या गर्भपाताला कायद्याने तिची एकटीची संमती पुरते. नवऱ्याची सही लागत नाही, सासऱ्याची तर नाहीच. हे 1971 च्या कायद्यातच आहे. 2021 च्या दुरुस्तीने तिचे नाव गुप्त ठेवणे बंधनकारक केले. आणि 29 सप्टेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की लग्न झाले आहे की नाही यावरून भेद करता येणार नाही.

मग अडते कुठे? 2012 मध्ये परळीच्या डॉक्टर सुदाम मुंडेचे स्त्रीभ्रूणहत्येचे प्रकरण उघडकीला आले. सरकारने मुलींचे गर्भ पाडणाऱ्यांवर हात टाकला, तो टाकायलाच हवा होता. पण त्याच झपाट्यात औषध प्रशासन या गोळ्या विकणाऱ्या दुकानदारांच्या मागे लागले. नसती कटकट नको म्हणून दुकानदारांनी गोळी ठेवणेच सोडले. पुढच्या वर्षांत झालेल्या पाहण्यांत महाराष्ट्रात शंभरातल्या एखाद-दोनच दुकानांत ती सापडली. यात अक्कल किती पाहा. सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे साधारण बाराव्या आठवड्यानंतर दिसते, गोळीची मुदत नवव्यालाच संपते. आणि एवढे करून 2017 मध्ये सांगली जिल्ह्यात म्हैसाळला पुन्हा पुरलेले भ्रूण निघालेच, तेही होमिओपॅथीच्या डॉक्टरकडे. गोळी बंद करून मुली वाचल्या नाहीत. फक्त डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणारी वस्तू चोरबाजारात गेली.

देशात 2015 साली झालेल्या गर्भपातांचा अंदाज 1 कोटी 56 लाख, त्यातले शेकडा 81 गोळ्यांनी, आणि बहुतेक दवाखान्याबाहेर. तेव्हा गोळी द्यावी की नाही, हा वाद गावात घालून काय उपयोग? बायका ती घेतच आहेत. ती कोणाच्या हातून घ्यायची, एवढेच ठरवायचे आहे.

ज्यांच्या धर्माला, मनाला हे पटत नाही, त्यांच्याशी आमचे भांडण नाही. महालक्ष्मीच्या यात्रेला आणि याकूबबाबांच्या उरुसाला सारखेच जाणारे हे गाव आहे, मतभेद पोटात घालायची त्याला सवय आहे. तुम्हाला नको तर घेऊ नका. दुसरीच्या वाटेत उभे राहू नका. आपल्याच तालुक्यातल्या मुरूडच्या रघुनाथ धोंडो कर्व्यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, तेव्हाही समाज बुडाला म्हणून ओरड झाली होती. समाज कुठे बुडाला ते दाखवा.

आमचे मागणे असे. आपल्या भागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात या कामाचे प्रशिक्षण घेतलेला वैद्यकीय अधिकारी असावा आणि गोळ्यांचा साठा असावा. सरकारी दवाखान्याला त्यासाठी वेगळ्या मान्यतेची गरज नाही. नवऱ्याची सही लागत नाही, अशी मराठीत आणि उर्दूत पाटी दारावर लागावी. गोळी घेतल्यानंतर पंधराव्या दिवशी तपासणी व्हावी आणि तिची आठवण आशाताईने बोभाटा न करता द्यावी. दुकानदारांना चिठ्ठीवर गोळी विकताना त्रास होणार नाही, असे औषध प्रशासनाने लेखी कळवावे.

येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडणार आहोत. बायकांनी घरातली कामे त्या दिवशी पुरुषांवर टाकून यावे, आणि हात वर करताना सासूकडे बघू नये.

— केळशीतल्या काही बायका