प्रश्न विचारणे हेही अभिवादनच

महापुरुषांच्या जयंतीविषयी आमच्या पिढीने न विचारलेले प्रश्न आज आमचे विद्यार्थी विचारू लागले आहेत. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत डीजेवर होणारा खर्च वस्तीतील अभ्यासिकेच्या वाट्याला का येत नाही? फलकावर बाबासाहेबांपेक्षा देणगीदारांची छायाचित्रे मोठी का? व्यासपीठावर मुली स्वागतगीतापुरत्याच का? १८५५ साली 'ज्ञानोदया'त मांग-महारांचे दुःख मांडणाऱ्या, फुल्यांच्या शाळेतील मुक्ता साळवेचे नाव आपल्या अभिवादनात का येत नाही? या प्रश्नांनी वस्तीतील जाणती माणसे दुखावतात. 'चार बुके शिकली आणि आम्हालाच शिकवू लागली' असे उद्गार निघतात.

हे दुखावणे निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. ज्या समाजाला पाणवठ्यावर उभे राहण्याचा अधिकार नव्हता, त्याने भर चौकात उभारलेला पुतळा म्हणजे केवळ धातू वा दगड नव्हे; सार्वजनिक जागेवर आपलाही हक्क आहे, याची ती जाहीर नोंद आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याच्या विटंबनेनंतर लोक रस्त्यावर आले आणि पोलिसांच्या गोळीबारात १० जणांचे प्राण गेले. 'पुतळे हवेत कशाला?' असे विचारणाऱ्या प्रत्येक तरुणाला हा इतिहास ठाऊक असला पाहिजे. मिरवणुकीत नाचणारा मजूर वर्षभर मान खाली घालून राबलेला असतो. त्या एका दिवसाच्या ताठ मानेची टिंगल करण्याचा अधिकार कोणत्याही पदवीने मिळत नाही.

तथापि प्रश्न विचारणे म्हणजे अनादर, हे मात्र आम्हाला मुळीच मान्य नाही. तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना परंपरा आहे म्हणून वा गुरू सांगतात म्हणूनही काही स्वीकारू नका, असा उपदेश केला. बाबासाहेब परदेशात शिकत होते, तेव्हा मुंबईत सर फिरोजशहा मेहतांच्या स्मारकाची चर्चा सुरू होती. पुतळ्याऐवजी ग्रंथालय उभारावे, असे त्यांनी १९१६ साली वृत्तपत्राला पत्र लिहून सुचविले. तेव्हा ते पंचविशीचे तरुणच होते! पुढे १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या १०१ व्या जयंतीच्या व्याख्यानात त्यांनी विभूतिपूजेचे दोन प्रकार सांगितले: एक मनापासून आदर करणारी, तर दुसरी स्वतःची बुद्धी गहाण टाकणारी. पहिलीत त्यांना काही गैर दिसले नाही. दुसरी त्यांनी धोक्याची मानली. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतही राजकारणातील भक्ती हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा त्यांनी दिला. हा इशारा देताना त्यांनी स्वतःला वगळले नव्हते.

खरी कसोटी खर्चापाशी संपत नाही. ती विचारापाशी लागते. भाषावार प्रांतरचनेवरील १९५५ च्या पुस्तकात बाबासाहेबांनी मराठी भाषकांची चार राज्ये करावीत आणि मुंबई हे त्यांतील एक स्वतंत्र राज्य असावे, असे मांडले. आपण १ मे रोजी एका अखंड महाराष्ट्राचा दिन साजरा करतो. मग विद्यार्थ्याने विचारले, 'सर, येथे बाबासाहेबांचे पटते का?' तर त्याला गप्प बसवायचे काय? आमचे उत्तर असे की, त्याला ते पुस्तक द्यावे. बहुसंख्य जातीच्या हाती एकवटणाऱ्या सत्तेचे भय बाबासाहेबांना का वाटत होते, हे त्याने वाचावे आणि मग सहमत व्हावे अथवा होऊ नये. न वाचता जयजयकार करणाऱ्यापेक्षा वाचून मतभेद नोंदविणारा बाबासाहेबांच्या अधिक जवळ असतो.

चांगल्या वाटा आपल्याच समाजाने पाडल्या आहेत. जयंतीनिमित्त वसतिगृहांतून सलग १८ तास अभ्यास होतो. चैत्यभूमीवर आणि दीक्षाभूमीवर फाटक्या पिशवीतून पुस्तके घरी नेणारी माणसे दिसतात. त्याच वाटेवर आणखी तीन पावले टाकावीत, अशी आमची माजी विद्यार्थ्यांना व पालकांना विनंती आहे. जयंतीचा जमाखर्च वस्तीसमोर वाचून दाखवावा. वर्गणीचा एक ठरलेला हिस्सा ग्रंथालयासाठी राखावा. आणि कार्यक्रमात भाषणांइतकाच वेळ मुलामुलींच्या प्रश्नांना द्यावा.

तरुणांकडूनही आमची एक अपेक्षा आहे. डीजेला नावे ठेवणाऱ्याने संध्याकाळी विहारात येऊन दोन मुलांचा अभ्यास घ्यावा. श्रमाची जोड नसलेला प्रश्न ज्येष्ठांना टोचतो, पटत नाही.

ज्या लेकरांना शाळेत प्रश्न विचारायला शिकवावे म्हणून आईबापांनी पोटाला चिमटा घेतला, ती लेकरे आता प्रश्न विचारीत आहेत. त्यांचा पहिला प्रश्न आपल्यालाच असणार, हे स्वाभाविक आहे. तो ऐकून घेण्याइतके आपण मोठे व्हावे.

जयभीम! नमो बुद्धाय!