धमकी चालते ती घरच्या भीतीवर

पालक सभेत मोबाइलचा विषय निघाला की बहुतेक अब्बा लोकांचा एकच उपाय ठरलेला असतो : मुलीला फोनच देऊ नका. आम्ही शिक्षक हे वर्षानुवर्षे ऐकतो आहोत. पण त्याने धोका टळतो का?

'असर'ची २०२३ ची पाहणी ग्रामीण भागातील १४ ते १८ वयोगटाची होती. स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांपैकी ४३.७ टक्के मुलांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी फक्त १९.८ टक्के जणींकडे. म्हणजे मुलगी फोन वापरते, पण भावाचा नाहीतर अम्मीचा. ऑनलाइन सुरक्षेच्या सेटिंगची माहितीही मुलींना मुलांपेक्षा कमी आढळली. थोडक्यात, फोन हातात येतोच, शिकवत मात्र कोणी नाही.

या वयात नवे काही करून पाहण्याची ओढ असतेच. घरात दोन शब्द ऐकून घेणारे कोणी नसेल, तर गोड बोलणारा अनोळखी माणूसही आपला वाटतो. मग तो फोटो मागतो, आणि फोटो मिळाला की धमकी देतो : "तुझ्या अब्बांना पाठवू?"

अशीच एक मुलगी आमच्याकडे रडत आली होती. तीन आठवडे तिने कोणाला काही सांगितले नव्हते. का, असे विचारले तर म्हणाली, "शाळा बंद करतील, लग्न लावून टाकतील." ही भीती उगाच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी-५ नुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न १८ वर्षांआधीच झाले होते.

बदनामीच्या भीतीने आपण तक्रार टाळतो. पण २०१२ च्या पोक्सो कायद्यात १८ वर्षांखालील मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा ती सांगेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेशाशिवाय घ्यायचा असतो. तिची ओळख प्रसिद्ध करायला माध्यमांना मनाई आहे. मदतीसाठी १०९८ आणि सायबर गुन्ह्यांसाठी १९३० हे नंबर घरात लिहून ठेवा.

आणि आज रात्री दस्तरखानावर मुलीला एवढे सांगा : "काहीही झाले तरी आधी आम्हाला सांग. तुझी शाळा बंद होणार नाही." हे अब्बांनी स्वतः सांगावे, आणि वेळ आलीच तर पाळावे. मुलीला घरचा असा भरवसा असेल, तर धमकी देणाऱ्याच्या हाती काही उरत नाही.