अहवाल कुठाय?

१९६२ ला चीननं आपल्याला झोडपलं. सुती कपड्यांवर पोरं बर्फात उभी केली होती. शेतकऱ्या-मजुरांची पोरं, त्यात आपलीही. का हरलो, हे शोधायला लष्करानं हेंडरसन ब्रुक्स आणि भगत हे दोन अधिकारी नेमले. १९६३ ला अहवाल आला नि कपाटात गेला. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाणांनी लोकसभेत नुसता सारांश ऐकवला.

२०१४ च्या मार्चमध्ये मॅक्सवेल या पत्रकारानं त्यातला बराच भाग उघड केला. विरोधी बाकावरचे अरुण जेटली तेव्हा विचारत होते, इतकी वर्षं दडवता कशाला? जुलैत तेच संरक्षणमंत्री म्हणून संसदेत सांगतात, जाहीर करणं राष्ट्रहिताचं नाही! कुलूप काँग्रेसचं, पहारा भाजपचा.

मग आपली पोरं म्हणतात, "सगळेच चोर, सोड ना यार." सोडलं की चोराचं फावलं. बाबासाहेबांनी सोडलं नव्हतं. १९५१ ला राजीनामा देताना त्यांनी परराष्ट्र धोरणाचा जाब विचारला : ३५० कोटींच्या महसुलातले १८० कोटी लष्करावर का जातात?

तुमच्या खासदाराला गाठा. हार नको, निवेदन नको. एवढंच विचारा : अहवाल कुठाय?