हमीपत्र आणि निकामी झालेला भाग

कळवणच्या बाजूस कांदा काढणीचा हंगाम आला म्हणजे ट्रॅक्टर हा घरातील एखाद्या कर्त्या माणसाइतकाच निकडीचा होतो. नेमक्या अशाच वेळी क्लचची प्लेट जळावी आणि विक्रेत्याने 'हे हमीत बसत नाही' म्हणून हात झटकावेत, म्हणजे प्रश्न केवळ काही हजार रुपयांचा राहत नाही; शेतातील माल, मजुरांचा खाडा आणि घरातील स्वास्थ्य ही तिन्ही पणास लागतात. अशा प्रसंगी गृहस्थाने कसे वागावे, याचा विचार या खेपेस करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम हमीपत्र शांतपणे वाचावे. त्यात मुदत असते, तशीच तासांची वा किलोमीटरची मर्यादाही असते, आणि बहुधा या दोहोंपैकी जी आधी भरेल तेथे हमी संपते. क्लचची प्लेट, ब्रेकचे लायनर इत्यादी झिजणारे भाग पुष्कळदा हमीतून वगळलेले असतात. परंतु 'झीज' आणि 'दोष' हे दोन शब्द एक नव्हेत. तेलाचे सील गळून प्लेटवर तेल आले व ती घसरून जळाली, तर अपराध सीलचा आणि शिक्षा प्लेटला, असे होते. उलट चालकाने सदैव क्लचवर पाय ठेवून ट्रॅक्टर हाकला असेल, तर कारखान्यास बोल लावणे न्यायाचे नाही. म्हणून काय बिघडले एवढ्यावर न थांबता का बिघडले, हे विचारावे.

दुसरी गोष्ट, वाद मिटेपर्यंत गावातील मिस्त्रीकडून यंत्र उघडवू नये. तसे केल्यास नकाराला आयतेच निमित्त मिळते. अधिकृत कार्यशाळेत जॉब कार्डावर आपली तक्रार आपल्याच शब्दांत लिहवून घ्यावी व त्याची प्रत मागावी. नकार मिळाल्यास तो कारणासह आणि हमीपत्रातील कलमाच्या उल्लेखासह लेखी मागावा. हंगाम थांबत नाही, तेव्हा पैसे भरून दुरुस्ती करणे भाग पडले, तर बिलावर 'हक्क राखून रक्कम दिली' असे लिहावे. निकामी भागाचे छायाचित्र घ्यावे आणि तो भाग परत मागून जपून ठेवावा. पुढे तोच मुका साक्षीदार ठरतो.

त्यानंतर विक्रेता आणि उत्पादक या दोघांनाही लेखी तक्रार पाठवावी, आणि तीत कोणाची चूक कोणती हे वेगवेगळे मांडावे. गोव्यातील एका मोटारीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली असे ठरविले की, विक्रेत्याच्या स्वतःच्या कृत्याबद्दल उत्पादकाचा संबंध वा माहिती सिद्ध झाल्याविना त्याला जबाबदार धरता येत नाही. पत्रांनी काम न भागल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीवर तक्रार नोंदवावी.

तेथेही निकाल न लागल्यास जिल्हा ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे. 2019 च्या कायद्याप्रमाणे तक्रारीचे कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो, आणि तो आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे कळवणकरांस नाशिकास, करता येतो. वस्तूची किंमत 5 लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही. 5 ते 10 लाखांपर्यंत ते 200 रुपये आहे. वकील दिलाच पाहिजे असेही नाही. 'ट्रॅक्टर व्यापारी कामाचा आहे' असा आक्षेप आल्यास घाबरू नये. केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगाराने वापरलेली वस्तू कायदा व्यापारी मानीत नाही. दोष तपासणीविना कळण्याजोगा नसेल तर आयोग तो योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. तिचे शुल्क मात्र प्रथम तक्रारदारास भरावे लागते.

अपेक्षाही मापात असाव्यात. 2006 साली एका मोटारीच्या सदोष क्लचच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने, हमीचा अर्थ सदोष भाग दुरुस्त करणे वा बदलून देणे एवढाच धरला आणि नवी मोटार देण्याचा हुकूम मान्य केला नाही. एका भागासाठी संपूर्ण वाहन मागणारा मनुष्य बहुधा तो भागही गमावून बसतो.

एकत्र कुटुंबात या बाबतीत एक खास अडचण असते. वाहन सर्वांचे, म्हणून त्याची वही कोणाचीच नाही. थोरले बंधू तेल बदलतात, पुतण्या हाकतो, पावत्या फडताळात कोठेतरी पडतात; आणि वाद उभा राहिला की वेळेवर सर्व्हिसिंग झाल्याचा पुरावा सापडत नाही. घरातील नीटनेटक्या सुनेकडे किंवा मुलीकडे ही वही सोपवावी व तिचा शब्द सर्वांनी मानावा, अशी आमची सूचना आहे.

आपल्याकडे ग्राहकांच्या संघटनेचे बीज पुण्यास 1974 साली ग्राहक पंचायतीच्या रूपाने बिंदुमाधव जोशी यांनी पेरले. देशाचा पहिला ग्राहक संरक्षण कायदा त्यानंतर 1986 साली आला. ते बळ आज घरोघरी पोहोचले आहे. मात्र ते कामी येते ते ज्याचे कागद नीट आणि म्हणणे खरे, त्याच्याच. भांडण्यापूर्वी आपली बाजू स्वतःस तपासून पाहावी. ती खरी ठरली, तर मग संकोचाने मागे हटू नये.