हाय स्ट्रीटचे 'पुनरुज्जीवन' आणि छोट्या ब्रुअरी

'एकच प्याला'च्या छायेत वाढलेल्या आम्हा मराठीच्या अध्यापकांनी बिअरच्या बाजूने लेखणी उचलावी, हे काही वाचकांना रुचणार नाही. परंतु आमचा विषय मद्य नाही. गावाचा मध्य कोणाचा, हा आहे.

ब्रिटनमधील गावांचा मध्यभाग, म्हणजे तिथली 'हाय स्ट्रीट', ओस पडत चालली आहे. वुलवर्थ्सची दुकाने जानेवारी २००९ पर्यंत बंद झाली; पुढे २०१६ मध्ये बीएचएसची आणि २०२१ मध्ये डेबेनहॅम्सची. अशा पडझडीत छोट्या ब्रुअरींना स्वस्त गाळे मिळाले की 'बाजार आपल्या जखमा आपणच भरून काढतो' असा गजर सुरू होतो. तो आम्हांस साफ अमान्य आहे.

वस्तुस्थिती काय सांगते? तेथील अनेक पब मोठ्या कंपन्यांच्या करारांनी बांधलेले असून बाहेरची बिअर हवी तशी घेऊ शकत नाहीत. म्हणून ग्राहकाच्या पेल्यात थेट बिअर ओतता येईल अशी जागा हा लहान उत्पादकाचा मोठा आधार. मधल्यांचा नफाही त्याच्याच पदरी पडतो. पण ही वाट एकट्या बाजाराने घडवलेली नाही, कायद्याने घडवली आहे. २००२ मध्ये वर्षाला पाच लाख लिटरपर्यंत उत्पादन करणाऱ्यांचे बिअरवरील शुल्क निम्मे झाले. नोव्हेंबर २००५ मध्ये नवा परवाना कायदा अमलात येऊन इंग्लंड-वेल्समधील परवान्यांचा अधिकार दंडाधिकाऱ्यांकडून स्थानिक परिषदांकडे गेला. त्याच वर्षी केंटमधील हर्न गावी खाटकाच्या जुन्या दुकानात 'बुचर्स आर्म्स' उघडला आणि छोट्या ब्रुअरींची बिअर विकणाऱ्या 'मायक्रोपब'ची चळवळ सुरू झाली.

मात्र मिळालेली जागा टिकेल कशी? लंडनच्या बर्मंडसी भागात लहान उत्पादकांनी रेल्वेच्या कमानींखाली बस्तान बसवले आणि आडबाजूच्या गल्ल्यांना कीर्ती मिळवून दिली. २०१९ मध्ये नेटवर्क रेल या सार्वजनिक संस्थेने कमानींसह आपल्या हजारो व्यापारी जागांचे दीर्घ भाडेपट्टे सुमारे १.४६ अब्ज पौंडांना खासगी गुंतवणूकदारांच्या हवाली केले. नांगरणारा एक, रास नेणारा दुसरा!

डिसेंबर २०२४ पासून इंग्लंडमधील परिषदांना वर्षाहून अधिक काळ रिकाम्या पडलेल्या दुकानांचा भाडेहक्क लिलावात काढता येतो. स्तुत्यच! पण तो भाडेपट्टा एक ते पाच वर्षांचा. टाक्यांत आणि दुरुस्तीत घातलेले भांडवल फिटण्याआधीच मुदत संपली तर लाभ कोणाचा? रस्त्याला गिऱ्हाईक आणणाऱ्याचा, की वाढलेले भाडे मागणाऱ्या मालकाचा?

आमची भूमिका स्पष्ट आहे: शुल्कात सवलत देणाऱ्या शासनाने छोट्या ब्रुअरींना दीर्घ मुदतीचा आणि नूतनीकरणाच्या हक्काचा भाडेपट्टाही द्यावा. आणि साहित्याच्या विद्यार्थ्यांस आमचे सांगणे इतकेच, की 'पुनरुज्जीवन' हा गोंडस शब्द भेटला की त्याखालचा भाडेकरार आधी वाचावा. तोही एक संहिताच आहे.