आहुप्याचा हिरडा आणि चीनचा कम्यून

चीनमध्ये धरण बांधायचे ठरले की ते बांधून होते, आपल्याकडे मात्र मोर्चे, दावे आणि स्थगिती. अशी हळहळ पूर्वी उद्योगपतींच्या मेजवान्यांतच ऐकू येत असे. आता ती डाव्या म्हणवणाऱ्या बैठकांतही ऐकू येते. भांडवलदाराला तेथील शिस्त हवी असते आणि आमच्या काही मित्रांना तेथील झेंडा प्रिय असतो. दोघांचे एकमत होते ते मात्र एकाच मुद्द्यावर, की लोकांना फार विचारत बसू नये.

या मताची परीक्षा बीजिंगला जाऊन करण्याचे कारण नाही. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या कड्यावर, महादेव कोळ्यांचे आहुपे हे गाव आहे. भात, नाचणी आणि हिरडा यांवर त्याचा संसार. सभोवती भीमाशंकरचे अभयारण्य, जे १९८५ साली जाहीर झाले. खाली घोड नदीवर कुकडी प्रकल्पातील डिंभे धरण. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव मिळाले ते मूळ गावच या धरणाच्या पाण्यात बुडाले. पाणी गेले पूर्वेकडच्या बागायतीला. ज्यांची जमीन गेली त्यांची संमती घेण्याची गरज १८९४ च्या भूसंपादन कायद्याला कधी वाटली नव्हती, आणि तो कायदा स्वतंत्र भारताने २०१३ पर्यंत जपून ठेवला. तेव्हा आपली लोकशाही निर्दोष आहे असा आमचा दावा मुळीच नाही.

परंतु यांगत्से नदीवरील तीन घळींच्या धरणाचे काय झाले? १९८९ साली दाय चिंग या पत्रकार स्त्रीने त्यावरील टीकालेखांचे पुस्तक काढले. त्यावर बंदी आली आणि तिला कित्येक महिने तुरुंगात काढावे लागले. १९९२ मध्ये, एरवी हात वर करण्यापुरत्याच जमणाऱ्या तेथील राष्ट्रीय काँग्रेसमध्ये १७७ सभासदांनी विरोधी मत दिले आणि ६६४ तटस्थ राहिले. धरण झालेच. बारा लाखांहून अधिक माणसे उठवली गेली. त्यांच्या बाजूने मोर्चा काढण्यास तेथे कोणती किसान सभा होती?

हे सारे धोरणापेक्षा रचनेतून येते. चीनमध्ये जमीनदारी मोडली, साक्षरता वाढली, सामान्य माणसाचे आयुर्मान वाढले. हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण १९५३ मध्ये धान्याची खरेदी-विक्री सर्वस्वी सरकारच्या हाती गेली आणि १९५८ मध्ये शेतकरी कम्यूनमध्ये गोवला गेला. पिकाचे आकडे फुगवून वर पाठवणाऱ्याला बढती, खरे सांगणाऱ्यास उजव्या विचारांचा म्हणून शिक्षा. त्या फुगलेल्या आकड्यांवर वसुली ठरली आणि कोठारे रिकामी होत असतानाच धान्याची निर्यात चालू राहिली. संरक्षणमंत्री फंग दहुआय यांनी जुलै १९५९ मध्ये लूशान येथे माओंना एक खाजगी पत्र लिहून सावध केले. त्यांचे पद गेले, आणि १९७४ साली ते बंदिवासातच वारले. त्या दुष्काळात किती मेले याचे अभ्यासकांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत आहेत. जमीन सामुदायिक होती, धान्यही सामुदायिक होते. फक्त 'नाही' म्हणण्याचा अधिकार कोणाकडेच नव्हता. १९७८ च्या अखेरीस आन्हुई प्रांतातील श्याओगांग गावच्या १८ कुटुंबांनी जमीन आपसांत वाटून घेण्याच्या चोरट्या करारावर अंगठे उठवले, तेव्हा कोणी पकडले गेले तर त्याची मुले इतरांनी वाढवावीत हेही त्यात लिहिले होते. स्वतःच्या शेतात पेरण्यासाठी ही तरतूद!

कम्यून गेले, बाजार आला, तरी गावची जमीन कायद्याने सामुदायिकच राहिली, आणि ती विकणारे स्थानिक अधिकारीही राहिले. क्वांगतुंगमधील वूखान गाव २०११ मध्ये याविरुद्ध उठले. २०१२ मध्ये गावाने स्वतः निवडलेला प्रमुख २०१६ मध्ये तुरुंगात होता.

आता हिरड्याकडे वळू. १९७६ च्या कायद्याने महाराष्ट्रातही आदिवासींच्या मालाची एकाधिकार खरेदी आली. हेतू सावकार-व्यापाऱ्याच्या तावडीतून सोडवण्याचा, म्हणजे चांगलाच. पण एकच खरेदीदार आणि त्याचे केंद्र वेळेवर उघडले नाही, तर बाळहिरडा वाळवून बसलेल्या बाईने काय करावे? येथे तिला बोलता येते, एवढाच फरक आहे आणि तो फार मोठा आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेची मानली. २००६ च्या वनहक्क कायद्याने दाव्याची सुरुवात ग्रामसभेकडे दिली. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात हिरड्याची झाडे कोलमडली, तेव्हा त्याची भरपाई मिळावी म्हणून जुन्नर-आंबेगावात लाल बावट्याची किसान सभा नेटाने लढली. आम्हाला तिच्याविषयी आदर आहे. म्हणूनच तिच्या नेत्यांना विचारावेसे वाटते: घोडेगावच्या कचेरीसमोर जो हक्क तुम्ही बजावता, तो आन्हुईच्या शेतकऱ्याला नको होता काय? आणि हवा होता, तर त्याविषयी तुमची पत्रके मूक का?

आमच्या कार्यकर्त्यांनीही नुसती चीनवर टीका करून घरी जाऊ नये. सामूहिक वनहक्काचे कोणते दावे उपविभागीय समितीपाशी अडले आहेत, याची गावनिहाय यादी करावी, आणि हिरड्याची केंद्रे हंगामाआधी कोठे व कोणत्या तारखेला उघडणार, हे ग्रामसभेच्या ठरावाने लेखी मागावे.