हळू जगा म्हणणाऱ्यांनो

हळू जगा म्हणे! परवा एका दोस्तानं मला दादरला व्याख्यानाला ओढून नेलं. रात्रपाळी करून तसाच गेलो होतो, डोळ्यांत वाळू. व्यासपीठावरचे गृहस्थ सांगत होते, घाईनं तरुणांची मनं आजारी पडलीत. चहा सावकाश प्या. फोन बाजूला ठेवा. खिडकीत बसून पाऊस बघा. टाळ्या पडल्या.

पाऊस मी बघतो हो. गोदीत पोलादाच्या कॉइल उतरवतो मी. सर आली की माल भिजू नये म्हणून काम थांबतं आणि आमची टोळी शेडमध्ये उकिडवी बसून पाऊसच बघते. काम बंद, हजेरी बंद. त्या पावसात कुणाचं मन बरं झालेलं मी पाहिलं नाही.

गृहस्थ खोटं बोलत नव्हते, हे कबूल. घाई माणसाला खाते. डबल पाळी करून आडवा झालो तरी विंच कानात फिरतच राहते, झोप येत नाही. महिना झाला, कवितेची एक ओळ सुचलेली नाही. पण ही घाई माझी आहे का? मला पळवणाऱ्याचं नाव त्यांनी तासाभरात एकदाही घेतलं नाही.

ही चळवळ निघाली तेव्हा अशी मिळमिळीत नव्हती. १९८६ साली रोममध्ये मॅकडोनल्डचं दुकान येणार म्हणून जी माणसं रस्त्यावर उतरली, त्यांच्यात कार्लो पेत्रिनी होता, डाव्या चळवळीतला. त्यातून 'स्लो फूड' उभं राहिलं. इकडे येईतो राग गळून पडला, उरली मातीची महागडी कपबशी आणि कर्जतचं फार्महाऊस.

आणि हळूपणाचं कौतुक आम्हाला सांगू नका. १९८२ च्या संपानंतर माझ्या आज्याची गिरणी गेली. मग आजा फार हळू जगला. सकाळी कट्ट्यावर, दुपारी कट्ट्यावर, दिवे लागले तरी कट्ट्यावर. आजी म्हणायची, माणूस बसल्या बसल्या वाळला. ऑस्ट्रियात मारिएन्थाल नावाच्या गावात १९२९-३० ला कापडाची गिरणी बंद पडली, तेव्हा मारी याहोदा आणि तिच्या सोबत्यांनी बेकारांचं जगणं टिपून ठेवलं. १९३३ ला पुस्तक निघालं. बेकार पुरुषांची चाल मंदावली होती, रस्त्यात उगाच थांबायचे. वेळच वेळ होता, तरी वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी झालं. वाचलं तेव्हा आजाच दिसला मला. आज आमच्या चाळीच्या जिन्यावर बीए झालेली पोरं तशीच बसतात. त्यांना सांगा, सावकाश चहा प्या!

वेळ आपल्या हातात असला तर मन ताळ्यावर राहतं, दोस्तहो. आणि वेळ आम्हाला कुणी फुकट दिलेला नाही. गिरणीमालकांशी वर्षानुवर्षं झगडून नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८९० च्या १० जूनला रविवारची सुट्टी पदरात पाडली. १९४६ ला कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला, तेव्हा मजूर खातं बाबासाहेबांकडे होतं. तरुण मनाच्या आरोग्यासाठी या देशात याहून मोठं काम कुठल्या व्याख्यात्यानं केलंय, दाखवा.

तोच वेळ आता परत काढून घेताहेत. २०२३ ला नारायण मूर्ती तरुणांना आठवड्याला ७० तास राबा म्हणाले. २०२५ च्या सप्टेंबरात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं कारखान्यातला दिवस ९ तासांवरून १२ वर न्यायला मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ कायम, असं वर सांगतात. आमच्या ठेकेदाराकडे ४८ मोजतो कोण?

तेव्हा गृहस्थहो, पुढलं व्याख्यान या १२ तासांवर ठेवा. आमची अख्खी टोळी घेऊन येतो, पुढच्या रांगेत बसतो. फक्त या रविवारी नको. जहाज लागतंय.